आडरानचा शेवट

"हे ऐका," शार्दूल म्हणाला आणि खुर्ची फिरवून आमच्याकडे तोंड करून बसला. "'जंगल सुरेख. ओढ्याचा आवाज तर इतका खरा की तहान लागते. पण इतक्या संध्याकाळी घालवून ज्या माणसाला शोधलं तो शेवटी भेटतच नाही? हा गेम बनवणाऱ्यांना घरी भाऊबहीण आहेत की नाहीत?'"

सगळे हसले. मीही हसले.

कर्वेनगरातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या आणि एक गच्ची. शार्दूल देवस्थळी आमचा कर्ताधर्ता, प्रोग्रॅमिंग त्याचं. चित्रं काढणारे दोघे, आवाजाचं बघणारा एक, आणि गोष्ट लिहिणारी मी. तीनेक वर्षं खपून आम्ही 'आडरान' नावाचा व्हिडिओ गेम केला होता. तो नुकताच बाजारात आला होता आणि खेळणाऱ्यांची मतं भराभर येत होती.

गेम तसा साधा होता. रेवा नावाची मुलगी सह्याद्रीतल्या जंगलात शिरते, घर सोडून गेलेल्या भावाला शोधायला. तिच्याजवळ कोयता आहे, पाण्याची बाटली आहे, आणि एक बटण दाबलं की ती तोंडाशी हात धरून कुकारा घालते, म्हणजे रानात माणसं एकमेकांना देतात तशी लांब हाक. बंदूक नाही, मारामारी नाही. चालायचं, बघायचं, भावाच्या खुणा हुडकायच्या. कुठे तीन दगडांची चूल, कुठे करवंदीच्या काट्याला अडकलेली शर्टाची चिंधी. प्रत्येक खुणेपाशी रेवाला घरातलं काहीतरी आठवतं आणि गोष्ट पुढे सरकते. शेवटी ती एका कड्यावर पोचते. कड्यावर चूल आहे, चुलीत अजून धग आहे. माणूस नाही. रेवा चुलीपाशी बसते आणि पडदा हळूहळू काळा होतो.

लोकांना हे झेपत नव्हतं. एकाने लिहिलं होतं, "गेम आहे की चालायची शिक्षा?" दुसऱ्याने लिहिलं, "माझ्या बायकोने आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळला आणि आता माझ्याशी बोलत नाहीये." एक जण म्हणत होता, "मी शेवटाकडे जातच नाही. झऱ्यापर्यंत जातो, बसतो, परत येतो. ऑफिसातून आल्यावर बरं वाटतं." पण बहुतेकांचं एकच म्हणणं होतं: भाऊ भेटला पाहिजे.

"शेवट बदलू या," शार्दूल म्हणाला. "संज्योत, तू एक प्रसंग लिही. दोघं भेटतात, दोन वाक्यं बोलतात, संपलं."

"काय बोलतात?"

"ते तू ठरव. लेखिका तू आहेस."

"थोडे दिवस थांब," मी म्हटलं. "सगळी मतं वाचून होऊ देत."

"सगळी? हजारोंनी येतायत."

"वाचते मी."

आणि खरंच वाचत होते. बसमध्ये, जेवताना, दात घासताना. चांगली, वाईट, शिव्या दिलेली, नुसतं एक अंगठ्याचं चित्र टाकलेली. शार्दूलला वाटायचं, पहिलंच काम आहे, कौतुकाची भूक आहे पोरीला. मी त्याला तसंच वाटू दिलं.

एके दिवशी दुपारी डबा उघडून बसले होते. समोर फोन. 'करवंद' असं नाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं होतं:

"गोष्ट आवडली. रेवा आवडली. एकच चूक आहे. ती दोन सुरांत हाक देते आणि उत्तर येत नाही म्हणून रडते. पण दोन सुरांवर ती हाक पुरी होत नाही. तिसरा सूर ऐकणाऱ्याने द्यायचा असतो, आणि तो खाली उतरतो. गेम बनवणाऱ्यांना हे माहीत नसावं."

मी डबा तसाच टाकून गच्चीवर गेले. फोन कठड्यावर ठेवून तेच मत पुन्हा वाचलं.

माहीत होतं. तो तिसरा सूर मी मुद्दाम ठेवला नव्हता. आवाजाचं काम करणारा मला म्हणालाही होता, हाक अर्धवट वाटते, पुढे काहीतरी लावू या का? मी त्याला हात लावू दिला नव्हता.

आमचे अप्पा फॉरेस्टमध्ये गार्ड होते, गावडे गार्ड. चंदगडच्या पुढे, सातकळशीच्या नाक्यावर आमचं क्वार्टर. आजूबाजूला वस्ती नाही, माझ्या वयाची पोरं नाहीत. होता तो माझा दादा, उदय, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. शाळेतून आला की दप्तर फेकून रानात पळायचा आणि मी त्याच्या मागे. मी हरवू नये म्हणून त्याने ती हाक बसवली होती. दोन सूर तो द्यायचा, एक खालचा, एक वरचा. तिसरा मी द्यायचा, उतरता. तिसरा आला की समजायचं, माणूस ठीक आहे, येतोय. जगात ती हाक आम्हा दोघांना आणि ऐकून ऐकून आईला ठाऊक होती.

दादा बारावीनंतर कुठेच टिकेना. अप्पांनी साहेबांच्या हातापाया पडून फॉरेस्टच्या भरतीला त्याचं नाव लावलं, आणि भरतीच्या दिवशी हा पठ्ठ्या कड्यावर जाऊन बसला. अप्पा चार माणसांसमोर म्हणाले, "रानच आवडतंय ना? मग रानातच ऱ्हा. घरी येऊ नकोस." सकाळी आई चहा घेऊन गेली तर अंथरूण रिकामं. मी तेव्हा सातवीत होते. पुढे अप्पांनी त्याला जितका शोधला तितका कुणी शोधला नसेल. पण त्याचं नाव त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही. रिटायर झाल्यावर चंदगडात छोटं घर बांधलं, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेलेही.

पुण्यात येऊन मी गोष्टी लिहायला लागले तेव्हा शार्दूलने विचारलं, जंगलावर गेम करायचाय, काही सुचतंय का? मला एवढंच सुचलं, की दादा जिथे कुठे असेल तिथे त्याच्याही हातात आता फोन असेल. कुणीतरी त्याला हा गेम दाखवेल. हाक अर्धी ऐकून तो गप्प बसायचा नाही.

मी 'करवंद'ला लिहिलं: "गोष्ट मी लिहिली आहे. तिसरा सूर तुम्हाला कुणी शिकवला?" आणि खाली माझा नंबर.

दुसऱ्या दिवशी भाजी घेत होते तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"दादा?" मी म्हटलं.

पलीकडे कुणीतरी श्वास घेतला. मग एका मुलीचा आवाज आला, "नाही ओ. मी मीनल. मीनल वेळीप. त्या हाकेचं तुम्ही विचारलं होतं..."

भाजीवाली मला विचारत होती, मेथी घेणार का. मी मान हलवली. हो की नाही, तिलाही कळलं नसेल.

"कुणी शिकवली?" मी विचारलं.

"आमच्याकडे गावडेमामा होते. त्यांनी."

मीनल बेळगावात कॉलेजला होती, होस्टेलवर राहायची. घर कर्नाटकातल्या जोयड्याच्या जंगलात. वडिलांनी चार खोल्या बांधल्या होत्या, पर्यटक येऊन राहायचे. मी शनिवारी बेळगाव गाठलं. कॉलेजच्या कॅन्टीनमागे एक चिंचेचं झाड होतं, त्याच्या पारावर ती बसलेली. उंच, सावळी, केसांत अबोलीचा गजरा. माझ्याकडे बघितलं आणि उभीच राहिली.

"तुमचं नाक त्यांच्यासारखं आहे," ती म्हणाली.

मग तिने मला सांगितलं. ती पहिलीत असताना मामा आले. पाठीवर पिशवी, दाढी वाढलेली. बाबांनी विचारलं, काय येतं? म्हणाले, रान येतं. बाबांनी ठेवून घेतलं. ते लोकांना रानात फिरवून आणायचे, पाखरं दाखवायचे, आणि एखाद्या दिवशी स्वयंपाकीण आली नाही तर चुलीपुढे बसायचे.

"चांगलं करायचा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुठलं ओ! आमटीत मिठाचा पत्ता नसायचा. पण हसत वाढायचे, मग कोण काय बोलणार?"

"हसायचा?"

"खूप," ती म्हणाली. "घरचं कधी बोलायचे नाहीत. एकदाच बोलले. दहावीला माझा मराठीचा निबंध वर्गात वाचून दाखवला होता, ते ऐकून म्हणाले, माझी बहीण अशीच आहे, अंगणातल्या मुंग्यांच्यासुद्धा गोष्टी सांगते. सांगते म्हणाले हं, सांगायची नाही."

मी चिंचेकडे बघत राहिले. मग विचारलं, "आता कुठे आहे?"

मीनलच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. "म्हणजे? घरी नाही आले?"

"नाही."

"पण ते घरीच गेले, ताई." ती माझा हात धरून बसली. "दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत. चंदगडचे काही लोक आमच्याकडे उतरले होते. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, गावडे गार्ड वारले. मामा तेव्हा त्यांना वाढत होते. पातेलं खाली ठेवून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. बाबांना म्हणाले, घरी जातो, आई एकटी असेल. पोचलो की फोन करतो म्हणाले."

"मग?"

"फोन आला नाही. स्वतःचा फोन त्यांनी कधी घेतलाच नव्हता. आम्ही म्हटलं, रमले असतील घरी. माणूस घरी पोचल्यावर कशाला आठवण काढेल आमची?"

तिच्या फोनमध्ये एक फोटो होता. बांबूच्या कुडाला टेकून दादा उभा. दाढीत पांढरे केस, मान जराशी डावीकडे कललेली. तिने तो मला पाठवला. निघताना ती म्हणाली, "मी चूक म्हणून लिहिलं होतं ओ. मला वाटलं तुम्हाला खरंच माहीत नाही." आणि मग तिथे, कॅन्टीनमधली पोरं बघत असताना, आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो.

बेळगावहून चंदगडची एसटी पकडली. वाटेभर मनात एकच होतं, आईला किती सांगायचं? तो होता, धड होता, हसत होता, इथवर सांगता येईल. पण घरी यायला निघाला आणि पोचला नाही, हे कसं सांगायचं? रस्त्यात काय काय होऊ शकतं ते मला सुचत होतं. गोष्टी रचायची सवय वाईट. नको ते सगळं आधी दिसतं.

आई अंगणात काजूबिया पसरत होती. मला बघून म्हणाली, "आज कशी गं आलीस? आजारी हैस?"

"नाही. बस जरा."

"बसाय वेळ हाय व्हय. काय ते सांग की."

"दादाचं कळलंय."

ती उकिडवी होती ती खालीच बसली. हातातल्या बिया हातातच. "हाय न्हवं?"

"अप्पा गेले तोवर तरी होता. जोयड्याला."

मी फोटो उघडून फोन तिच्या हातात दिला. तिने पदराने आधी डोळे पुसले, मग फोन पुसला. बराच वेळ बघितलं.

"हे तर अप्पाच की गं," ती म्हणाली. "मान बी तशीच." मग फोटोवरून बोट खाली सरकवत गेली. फोटो कमरेपाशी संपत होता. "पाय न्हाई आलं का ह्यात?"

"नाही, आई."

"पायात काय हाय कुणास ठाऊक." तिने पुन्हा वर बघितलं. "आता का न्हाई तिथं?"

मग मला सांगावंच लागलं. पातेलं खाली ठेवलं, पिशवी भरली, घरी जातो म्हणाला. ती रडेल म्हणून मी तिला धरायच्या तयारीत होते. ती रडली नाही.

"काय म्हणाला? परत सांग."

"घरी जातो म्हणाला. आई एकटी असेल म्हणाला."

"आई एकटी आसंल म्हणाला." तिने ते शब्द स्वतःच्या तोंडून बोलून बघितले. मग एकदम माझ्याकडे वळली. "संजू, घरी म्हंजे कुठं गं?"

"म्हणजे?"

"आगं, हे घर त्याला कुठं ठावं हाय? त्यो गेला तवा आपण नाक्यावर होतो."

हे मला सुचलं नव्हतं. बेळगावपासून इथवर मी त्याच्यासाठी नाना तऱ्हेची मरणं रचत आले होते, आणि तो सरळ आपल्या घरी गेला असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सकाळी माणसं भरून नेणारी वडापची जीप पकडून सातकळशीला गेलो. आई पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. पिशवीत भाकरी बांधलेली. कुणासाठी, मी विचारलं नाही.

क्वार्टरला नवा पिवळा रंग लागला होता. आता तिथे दुसरे गार्ड राहत होते. ते फिरतीवर गेले होते. त्यांची बायको सुगंधा दारात तांदूळ पाखडत होती. आईने आपण कोण ते सांगितलं तशी ती सूप ठेवून उठली, आम्हाला आत बोलावू लागली. आई पायरीवरच बसली.

"बाय, दोन वर्सं झाली आसतील. हितं कोण आल्यालं का? दाढीवाला, उंच?"

सुगंधाने कपाळाला हात लावला. "आल्याला की! उन्हाळा होता. मी घरात एकलीच. त्या जांभळीखाली हुबा ऱ्हाऊन त्यानं कुकारा घातला बघा. मी भ्याले. खिडकीतनं बघितलं, तर मानूस तसा बरा वाटला. परत कुकारा घातला, आन् मग आपला गपच हुबा. कान देऊन."

मी जांभळीकडे बघायचं टाळत होते.

"मग दार उघडलं मी," सुगंधा म्हणाली. "म्हणाला, गावडे गार्ड हितं ऱ्हायचे न्हवं? मी म्हटलं, ते वारले. म्हणाला, ते ठावं हाय, त्यांची बायको? आता मला काय म्हाईत बाई... नाक्यावर कोणतरी म्हणाल्यालं, त्या पुण्याला लेकीकडं गेल्या म्हणून. मी तसंच सांगितलं. पुण्याला कुठं, म्हणाला. मी म्हटलं, ते काय ठावं न्हाई." ती आईच्या तोंडाकडे बघत होती. एकेक शब्द आता तिलाही कळत होता. "कोण तुमचा त्यो?"

"थोरला."

सुगंधा पायरीपाशी बसली. "आई गं. काय बोलून गेले मी."

आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पाणी दिलंस न्हवं त्याला?"

"दिलं की. गूळ बी दिला. हितंच बसून खाल्ला त्यानं, तुमी बसलाय तिथंच."

"बरं केलंस बाय," आई म्हणाली आणि आपल्या बसल्या जागेवरून जराशी बाजूला सरकली.

भाकरी तिने सुगंधाच्या पोरांना दिली. परतताना जीपमध्ये ती बाहेर बघत होती, आणि मी तिच्याकडे. चंदगडचा बाजार आला, एसटी स्टँड आला, आणि तिथून आमच्या घरापर्यंतची वाट मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितली. किती वळणं आहेत, कोणतं दुकान कुठे आहे, कुठे बोळ फुटतो. माहीत असलेल्याला सोपी. नवख्याला अवघड.

सोमवारी ऑफिसात गेले. शार्दूल गच्चीवर चहा घेत होता.

"शेवट बदलते," मी म्हटलं.

त्याने कप खाली ठेवला. "सुटलो! भेटतो ना भाऊ?"

"नाही. रेवा कड्यावर बसून राहत नाही. उठते आणि परत फिरते. जंगल उतरून नाक्यावर येते. तिथे एक बाई तिला पाणी आणि गूळ देते आणि सांगते, आई पुण्याला गेली नाही, चंदगडातच आहे. मग रेवा डांबरी रस्त्याने जीपमध्ये बसून बाजारात येते. स्टँड, कापडाचं दुकान, पिठाची गिरणी, बोळ. बोळाच्या शेवटी घर. तिथे संपतं."

"संज्योत, लोक जंगल बघायला येतात. त्यांना पिठाची गिरणी कशाला दाखवायची? आणि भाऊ तर तरीही नाहीच."

तीन वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून काम केलं होतं आणि मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला, मला परत दिला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला.

"त्याने खेळला नाही तर?" त्याने विचारलं.

"तर नाही."

"चंदगडला जाऊन प्रत्येक कोपऱ्याचे फोटो घेऊन ये," तो म्हणाला. "दुकानांच्या पाट्यांसकट. करायचं तर हुबेहूब करू."

नव्या शेवटाला लोकांनी झोडपलं. "आधीचा बरा होता." "कड्यावरून थेट बाजारात? लेखकाला ऊन लागलं का?" "गिरणीपाशी काहीतरी दडवलंय म्हणून तासभर शोधत बसलो, काही नाही." एका बाईंनी तेवढं लिहिलं होतं की ते दार दिसल्यावर का कोण जाणे, त्यांनी माहेरी फोन लावला. मीनलने आपल्या वडिलांच्या खोल्यांमध्ये एक कॉम्प्युटर ठेवायला लावला, आणि रानोमाळ भटकणारी जी माणसं तिथे उतरतात त्यांना ती शेवटपर्यंत खेळल्याशिवाय सोडत नाही, असं तिचे बाबा हसत सांगतात.

दादा आलेला नाही. आईला पुण्याला चल म्हणून मी अनेकदा म्हटलं. तो विषय ती काढूच देत नाही. तिचा हट्ट काय आहे ते मला तो शेवट तिला दाखवायला नेला त्याच दिवशी कळलं होतं.

तेव्हा तो शेवट अजून लोकांपुढे आला नव्हता. ओसरीवर एका पाटावर लॅपटॉप ठेवला आणि आईला शेजारी बसवलं. मी खेळते, तू बघ म्हटलं तर तिने माझा हात बाजूला केला. एका बोटाने बटणं दाबत चालू लागली. रेवा झाडांना धडकत होती, खड्ड्यात पडत होती. "ह्या पोरीला कुणी जेवाय घालतंय का न्हाई?" आई म्हणाली. झाडी संपून ऊन आलं तेव्हा तिने रेवाला मुद्दाम सावलीला थांबवलं. नाक्यावरची बाई बोलली तेव्हा आईने मान डोलावली, जणू सुगंधाच बोलली.

बाजार आला. स्टँड ओळखला, गिरणी ओळखली. आई सरसावून बसली. रेवा बोळात शिरली, सार्वजनिक नळापर्यंत आली, वळली, आणि समोर आमचं दार उभं राहिलं. निळं, कडी जराशी वाकलेली.

आई पडद्याकडे वाकली. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

"चुकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"नळाच्या अलीकडं वळीवलंस तिला. पलीकडं वळायचं."

मी बघितलं. खरंच, चित्र काढताना नळ चार पावलं पुढे गेला होता. "थोडासा फरक आहे, आई. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"थोडासा कसा?" तिने पडद्यावरच्या नळावर बोट ठेवलं. "नवखा माणूस हाय त्यो. अलीकडं वळला तर पाटलांच्या गोठ्यात जाईल. हितं न्हाई म्हणून माघारी फिरंल. एकदा फिरलाय."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. बोट नळावरून न हलवता म्हणाली, "आत्ताच्या आत्ता सांग त्यास्नी."

मी शार्दूलला फोन लावला.